बाहेरची बाजू

मी अंगाने बारीक आहे, आणि मिरजोळ्याच्या कारखान्यात मला घेतलं ते मुख्यतः त्यासाठीच. आयटीआयचं सर्टिफिकेट, फिटरचा ट्रेड, चांगले मार्क, सगळं मी फायलीत नीट लावून नेलं होतं. मुलाखतीला बसलेल्या फोरमनसाहेबांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. ते कोल्हापूरकडचे. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "ही आत मावंल."

आत म्हणजे विमानाच्या शेपटीच्या भागात. आमचा कारखाना लहान. मोठ्या कंपन्या आराखडे पाठवायच्या, आम्ही त्यांना पेटीसारखे भाग जोडून द्यायचो. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या आतून बरगड्या आणि सगळं एकमेकांना धरून ठेवणारे असंख्य रिव्हेट. रिव्हेट बसवायला दोन माणसं लागतात. बाहेरचा माणूस हवेच्या दाबावर चालणारी गन घेऊन रिव्हेटच्या डोक्यावर ठोके देतो. आतल्याने त्याच वेळी दुसऱ्या टोकाला लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे ते टोक चपटं होऊन घट्ट बसतं. त्या ठोकळ्याला आम्ही बार म्हणतो. आवाज एवढा की बोलायची सोयच नाही. म्हणून आतल्याने पत्र्यावर टकटक करून कळवायचं. एकदा वाजवलं तर अजून ठोक, दोनदा वाजवलं तर झालं, तीनदा वाजवलं तर बिघडला, काढ.

मी आतली. कधी कुशीवर, कधी गुडघे हनुवटीला लावून, कोपर बरगडीवर टेकवून मी बार धरायची. एप्रिल-मेमध्ये कातळी सड्यावरचं ऊन पत्र्याच्या छपरावर उतरलं की त्या पेटीत अंगाची आमटी व्हायची. घामाचा एक थेंब पत्र्यावर राहिलेला चालत नसे, पुसावा लागे. आधीच आमच्याकडची खारी हवा, त्यात घाम. पत्र्याला डाग पडायला वेळ लागत नाही. मला त्या कामाचा कंटाळा नव्हता. हाताला बसणाऱ्या हादऱ्यावरून रिव्हेट कसा बसतोय ते मला कळायला लागलं होतं.

बाहेर गनवर होते ते पूर्णगडचे दादा. घरची होडी भावावर सोपवून ते कारखान्यात आले होते. बोलायला मोकळे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता एकदा म्हणाले, "गो, तू नसलीस तर माझी गन म्हणजे नुसता आवाज."

मी म्हटलं, "मग भागावर शिक्का तुमच्याच नंबरचा का?"

ते चावता चावता थांबले. आमच्याकडे गनची चाचणी पास झालेल्या कारागिराला स्वतःच्या नंबरचा शिक्का मिळतो. भाग तयार झाला की तो त्याच्या कामाखाली उमटवायचा. आतल्या माणसाला नंबर नसतो. वर्षभर मी ज्या भागांत अंग दुमडून बसले, त्यातल्या एकावरही माझी काही खूण नव्हती.

"ते खरंच गो," दादा म्हणाले. आणि त्या दिवसापासून सुट्टीत ते मला टाकाऊ पत्र्यांवर गन चालवायला देऊ लागले. ते बार धरायचे, मी ठोकायची. सुरुवातीला गन घसरायची, पत्र्यावर अर्ध्या चंद्राचा वळ उठायचा. हळूहळू हात बसला.

त्याच सुमारास आमच्या आयटीआयमधला, माझ्या मागच्या बॅचचा एक मुलगा कामाला लागला. मुलगा चांगला होता, त्याचा काही दोष नाही. पण पावसाळा संपायच्या आत त्याची चाचणी झाली आणि शिक्का त्याच्या हातात आला. मी फोरमनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, मलाही चाचणीला बसवा."

"कशाला? तुझं काम चाललंय की बेस."

"मला गनवर काम करायचंय."

ते हसले. "अगं, गन बायकांस्नी झेपत न्हाई. हात थरथरतोय. तू आतच बरी."

"ज्या हादऱ्याने हात थरथरतो म्हणता, तो वर्षभर आतून मीच सोसतेय."

"लई शहाणी झालीस व्हय गं?"

"चाचणीला बसवलंत तर मी आत जाईन. नाहीतर जाणार नाही."

त्यांनी दाराकडे बोट केलं. "मग घरी जा."

मी डबा घेतला आणि एसटीने घरी आले.

भातकापणी चालू होती. आई मळ्यात वाकलेली. मला भलत्या वेळी पाहून ती उभी राहिली.

"काय गो? नोकरी गेली?"

"नाय. त्यांनी काढलं नाय नि मी सोडली नाय."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कमरेचा दुसरा विळा माझ्या हातात दिला. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत कापत राहिलो.

बाबा मुंबईला एका इमारतीत लिफ्टवर असतात. त्यांचा फोन आला. "माफी माग आणि सकाळी जा. मिळालेली नोकरी अशी कोणी घालवतं?" मी म्हटलं, मी चूक केलेली नाही तर माफी कशाची? ते चिडले. तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "ती शिकली ती काय पेटीत कोंडून घ्यायला? ऱ्हाऊ दे तिला. भात कापायला मला माणूस हवाच आहे." आणि फोन ठेवून दिला. आईने बाबांचा फोन असा ठेवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

कारखान्यात तिकडे पंचाईत झाली होती, ती मला दादांनी हसत हसत कळवली. माझ्या जागी एका सडपातळ गड्याला आत पाठवलं. तो खांद्याशी अडकला. ना आत जाईना, ना बाहेर येईना. शेवटी तात्पुरती लावलेली एक बरगडी सोडवून त्याला काढावं लागलं. त्यानंतर आत जायला कोणी तयार होईना.

मग फोरमनसाहेबांचा फोन.

"उद्यापासनं ये."

"चाचणी आहे का?"

"ये म्हटलं न्हवं?"

"चाचणी असेल तर येते."

"आसंल बाई, आसंल."

चाचणी झाली आणि मी नापास झाले. एका रिव्हेटवर गन सरकली आणि तो नेमका अर्ध्या चंद्राचा वळ उठला. चाचणी घेणाऱ्या तपासणीसांनी नकारार्थी मान हलवली. फोरमनसाहेब म्हणाले, "झालं समाधान? जा आता आत."

डोळे भरून आले होते, पण त्यांच्यासमोर पुसायचे नाहीत असं मी ठरवलं. मी तपासणीसांना विचारलं, "पुन्हा बसता येतं ना?"

"येतं. कोणालाही येतं," ते म्हणाले.

"मग मी बसते."

दुसऱ्या खेपेला फोरमनसाहेबांनी बार धरणाऱ्या दादांना बाजूला केलं. "बार मी धरतो. बघू दे तरी." ते पत्र्याच्या पलीकडे बसले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी पाय रोवले, गन सरळ धरली आणि ठोकायला लागले. पलीकडून दोन टकटक. पुढचा. पुन्हा दोन. हात मोकळा झाला होता. आणि मग एका रिव्हेटला तीन टकटक आली.

मी गन खाली ठेवली. वळसा घालून पलीकडे गेले. फोरमनसाहेब बार हातात घेऊन बसले होते.

"बिघडलाय त्यो," ते म्हणाले.

मी वाकून पाहिला. टोक गोल, सरळ, बाकीच्यांसारखं. "गेज लावा," मी तपासणीसांना म्हटलं.

त्यांनी मापाचं गेज लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "बरोबर आहे हा."

शेडमध्ये एव्हाना बरेच जण हातचं काम सोडून बघत होते. मी माझ्या जागी परत गेले, गन उचलली आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, दोनदा वाजवा."

मग पत्र्यावर दोनदा वाजलं. दादांनी तोंडावर रुमाल धरला, तो हसू लपवायला होता हे मला ठाऊक होतं. उरलेल्या प्रत्येक रिव्हेटला दोनच टकटक आली.

शिक्का मिळाला. फोरमनसाहेब निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. शाबासकी त्यांनी दिली नाही, मीही वाट पाहिली नाही. आत जायचं कामही मी टाकलं नाही. फक्त ज्याला आत पाठवाल त्याला बाहेरचंही शिकवा, एवढं मी धरून बसले. आधी सगळे कुरकुरले, मग वायरिंगच्या टेबलावरच्या दोन मुली स्वतःहून माझ्याकडे शिकायला आल्या.

परवा नव्या मॅनेजरांनी बोलावलं. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, आता तुम्हाला मुलगी झाली. गनवर कशाला राबता? वायरिंगवर देखरेख करा, एसीत बसून काम."

"मला बसायचं नाही," मी म्हटलं.

"घाई नाही हो. घरी विचारा, विचार करा आणि सोमवारी सांगा."

"घरी काय विचारायचं? हात माझे आहेत. आणि त्या दोघींची चाचणी आहे ह्या आठवड्यात. त्यांचा बार मी धरणार आहे."

मी कानात बोळे घातले आणि शेडमध्ये गेले. दोघींपैकी धाकटी सरावाला गन घेऊन उभी होती, जरा घाबरलेली. मी पत्र्याच्या मागे बसले आणि तिला म्हटलं, "चल, ठोक."