आढ्यातली काच

माझे वडील, अण्णा, सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावरही नागरवाड्यातल्या घरात त्यांचा ड्रॉइंग बोर्ड खिडकीशी मांडलेला असे. लग्नाला गेले तरी पंगतीला बसण्याआधी मांडवाचे खांब हलवून बघत. आईला त्याची लाज वाटे आणि मला हसू येई.

मी गोरव्याच्या ज्या कारखान्यात नोकरीला होतो, तिथे पंप बनत. देशाची दारं उघडली, बाहेरच्या ऑर्डरी येऊ लागल्या, आणि एका डिसेंबरात शेठनी मला परदेशात, पार उत्तर ध्रुवाजवळच्या एका गावी पंप बसवून द्यायला पाठवलं. घराण्यात विमानात बसणारा मी पहिला, त्यामुळे माझा भाव भलताच वधारला होता. नातेवाइकांनी सेंट, चॉकलेटं सांगितली. अण्णांनी जुन्या मासिकातून कापलेलं एक चित्र पुढे केलं. त्याच गावातलं कॅथीड्रल होतं ते, पांढरं, टोकदार, पत्ते एकमेकांना टेकवून उभे करावेत तसं.

"आत खांब नाहीत म्हणतात. मग एवढ्या बर्फाचं ओझं उतरतं कुठे? तेवढं बघून ये. आतला एक फोटो काढ. मला बाकी काही नको."

"हो हो, अण्णा," मी म्हणालो.

कॅमेरा मेहुण्याचा होता. बर्फात मी, बोटीजवळ मी, दुकानासमोर मी, असं करत शेवटच्या दिवशी रोलमध्ये एकच फोटो उरला. त्या महिन्यात तिथे सूर्य उगवतच नाही. भर दुपारी दोन वाजता अंधारात पूल ओलांडून गेलो, तर ते कॅथीड्रल आतून उजळलेलं समोर उभं. खोटं कशाला बोलू, पाय थबकले. इतकं देखणं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि लगेच मनात काय आलं, तर ह्याच्यासमोर आपला एक फोटो हवा. एका बाईंना विनंती केली, त्यांनी काढला, रोल संपला.

मग आत गेलो, तेही गारठलो होतो म्हणून. मागच्या बाकाखाली हीटर होता. दोन दिवस पंपाशी झटापट चालली होती, उबेत डोळा लागला. एका म्हाताऱ्या रखवालदारानं खांद्याला हात लावून उठवलं, तेव्हा दिवे मालवणं सुरू झालं होतं. ओशाळून बाहेर पडलो. मान वर करून छप्पर बघायला किती वेळ लागतो? तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

घरी अण्णांनी सगळे फोटो एकेक करून पाहिले.

"आतला?"

"आत काढू देत नाहीत."

"बरं. पण तू बघितलंस ना? सांग." त्यांनी पेन्सिल हातात घेतली होती.

तेव्हाच कबूल केलं असतं तर दोन शब्द ऐकून सुटलो असतो. पण परदेशातून आल्याची मिजास होती. "एकही खांब नाही," मी ठोकून दिलं. "दोन्ही बाजूंनी छप्पर येतं आणि वर आढ्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसती काच."

"आढ्यात? नुसती काच?"

"हो ना. आकाश दिसतं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ते कागदावर वाकले.

आठ दिवस खपून त्यांनी आतला सेक्शन, म्हणजे इमारत मधोमध कापल्यावर दिसेल तसा आराखडा काढला, फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. त्यात दोन बारीक खांब होते. ते कुठून आले, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शेजारचे गुजराती काका म्हणत, "सरस छे! तमे जोयुं?" अण्णा म्हणत, "में नहीं, मारा दीकराए जोयुं छे." चोराच्या मनात चांदणं, 'माझ्या मुलानं पाहिलंय' हे ऐकलं की मी चहाचं निमित्त करून आत पळे.

पुढे काचबिंदूनं अण्णांची दृष्टी गेली. त्यानंतर बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खाटेशेजारी, कॉम्प्युटर आला. एका रविवारी माझ्या मुलीनं त्या कॅथीड्रलच्या आतला फोटो शोधून काढला. तो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उघडत होता. ती एकदा भिंतीकडे, एकदा पडद्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, तुमच्या चित्रात खांब आहेत. इथे तर नाहीत!"

चूक अण्णांच्या नावावर जात होती. मला ते सहन होईना.

"अण्णा, मी तिथे झोपलो होतो. काही बघितलंच नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आढ्यात नुसती काच घातली तर दोन्ही बाजू कोसळतील. तू सांगितलंस तसं ते उभंच राहिलं नसतं. उद्या कुणी जाणता माणूस घरी आला असता, तर तू उघडा पडला असतास. म्हणून दोन खांब मी दिले."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्यांना दिसत होतं तेव्हा मी फोटो आणला नाही, आणि आता फोटो समोर होता.

"चल, आता सांग," अण्णा म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढली. "काच आहे, पण आढ्यात नाही. कमानींच्या मधल्या फटींत आहे. प्रत्येक कमान दोन्हीकडून थेट जमिनीपर्यंत येते."

"हां! म्हणजे ओझं सरळ खाली." त्यांचं बोट खाटेच्या चादरीवर रेघ ओढत होतं. "आणि जमिनीला टेकते तिथे काय दिलंय?"

मी डोळे ताणून बघितलं. तिथे बाकं आड येत होती.

"दिसत नाही, अण्णा."

"हां," ते समाधानानं म्हणाले. "आता बघून सांगतोयस."