बुजवलेल्या विहिरीचा पंचनामा

हा प्रसंग सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. घरातल्यांना सांगितला तोही अर्धाच, हसण्यापुरता. आता वय झाले. उरलेला अर्धाही सांगून टाकतो.

मी तेव्हा जळगावात सहायक निरीक्षक होतो. एका सकाळी ठाण्यात फोन आला. पिंप्राळ्यातल्या एका कॉलनीत गुप्तधन काढण्याचे काम चालू आहे, असे बोलणाऱ्याने सांगितले. नाव सांगितले नाही. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

एका निवृत्त मास्तरांच्या अंगणात छातीइतका खड्डा होता. काम अर्ध्यावर बंद. भोवती हिरवे कापड बांधलेले, जमिनीवर फक्कीच्या रेघा, कडेला फोडलेला नारळ आणि दोन लिंबे. मास्तरांना जमिनीखाली पाण्याची टाकी हवी होती, पण ठेकेदाराने अचानक खोदणे थांबवले होते आणि टाकी घराच्या दुसऱ्या बाजूला घ्या म्हणून त्यांच्या मागे लागला होता. शिवाय तो आदल्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन इथे पूर्वी काय होते, असे विचारत फिरला होता. कॉलनीने हिशेब मांडला होता: खोदता खोदता माणूस थांबला, म्हणजे त्याला काहीतरी लागले. खरे सांगायचे तर मलाही तो पटला.

ठेकेदाराला चौकशीसाठी ठाण्यात आणले. धुळ्याकडच्या खेड्यातला, चाळिशीतला माणूस. दोन तास मी त्याला तेच तेच विचारले आणि तो तेच तेच सांगत राहिला. काळी माती आहे, सरळ कडा धरत नाही, उतरती कापावी लागते. काढलेली माती काठावर रचायची नसते. फक्कीच्या रेघा आखणीच्या. कापड जनावर किंवा माणूस पडू नये म्हणून. नारळ मास्तरीणबाईंचा. मी टेबलावर हात आपटून विचारले, मग म्हाताऱ्यांना कशाला विचारत होतास?

"नकाशामा इहीर दिसत नही, साहेब," तो म्हणाला. "ती म्हातारा मानूसले ठावकी ऱ्हास. तठे बुजेल इहीर शे. तठे खोदू नका."

तिथे बुजवलेली विहीर आहे, ही गोष्ट मला फारच सोयीची वाटली. धन विहिरीतच टाकतात, असे मी हवालदाराला ऐटीत समजावले. ठेकेदाराला बाकावर बसवून ठेवले, दुसरा जेसीबी मागवला आणि मास्तरांच्या अंगणात स्वतः उभे राहून खोदायला लावले. गच्चीगच्चीवर माणसे उभी. कुणीतरी घरून खुर्ची आणून मला बसायला दिली.

थोड्या वेळाने विटा लागल्या. हवालदार भारी अंगाचा, उत्साही माणूस. "साहेब, बांधकाम लागलं," म्हणत त्याने खड्ड्यात उडी टाकली आणि पाहता पाहता कमरेपर्यंत खाली गेला. बुजवलेल्या विहिरीतला भराव बसला होता. त्याच हादऱ्याने शेजाऱ्याची कुंपणभिंत पलीकडे आडवी झाली. जेसीबीवाला म्हणाला, बकेटने ओढून काढतो. मी हो म्हणणार, तेवढ्यात मागच्या घरातल्या अक्का पुढे आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील.

"त्याला बोलवा. विहीर कुठं ते त्यानं मला विचारलं होतं. तुम्ही विचारलं का, भाऊ?"

जीप पाठवली. ठेकेदार आला तो माझ्याकडे न बघता खड्ड्याकडे गेला. आधी मशीन मागे घ्यायला लावले, मग गर्दी. मास्तरांच्या घराचे दोन दरवाजे बिजागऱ्यांसह काढून खड्ड्यावर आडवे टाकले, त्यावर पालथा पडला आणि हाताने, घमेल्याने माती काढू लागला. हवालदार तोवर छातीपर्यंत रुतला होता आणि आपल्या बायकोला काय काय सांगायचे ते मला सांगत होता.

"हवालदारसाहेब, बोलनं बंद करा," ठेकेदार म्हणाला. "दम धरा. तुमनी बायकोले तुम्हीच सांगा."

तासाभराने हवालदार वर आला. एक बूट आणि पँट विहिरीनेच ठेवून घेतली. अक्कांनी आपल्या मालकांचे धोतर दिले. गच्च्यांवरून टाळ्या पडल्या, मास्तर रडत रडत हसले आणि अक्कांच्या ओसरीवर आम्ही सगळे भरीत-भाकरी जेवलो. धोतर नेसलेला हवालदार ठेकेदाराच्या मांडीला मांडी लावून बसला होता. पोलिसाच्या नोकरीत इतका आनंदाचा पंचनामा मी दुसरा केला नाही.

पण पंचनामा मी लिहिला. भिंत पडली होती आणि दोष कुणाच्या तरी नावावर टाकणे भाग होते. 'ठेकेदाराने निष्काळजीपणे केलेल्या खोदकामामुळे भिंत कोसळली' असे मी लिहिले. दुसरे मशीन कुणी मागवले, ते लिहिले नाही. मग मोठेपणा करून ठेकेदाराला म्हणालो, गुन्हा दाखल करत नाही, जा. त्याने हात जोडले.

शेजाऱ्याने त्या कागदाची नक्कल कॉलनीभर दाखवली. लोक ठेकेदाराला रस्त्यात नमस्कार करायचे, पण खोदायला दुसऱ्याला बोलवायचे. तीन वर्षे त्याला पिंप्राळ्यात काम मिळाले नाही. बोदवड, मुक्ताईनगरकडे शोषखड्डे खोदत तो पुन्हा उभा राहिला. काम थांबवणाऱ्या माणसाला आधी कारण विचारावे आणि ते ऐकून घ्यावे, हे मी त्याच्याकडून शिकलो. पुढे अनेक तपासांत त्याचा उपयोग झाला. श्रेय मात्र मलाच मिळाले.

मागच्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण आले. आज सांगायचेच, असे ठरवून गेलो. वाक्य जुळवून ठेवले होते. त्याने मला व्याह्यांपुढे नेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हाई साहेब व्हता म्हनीसन मी वाचनू. मनावर केस होऊ दिधी नही."

त्याच्यावर केस होऊ न देणाऱ्या साहेबाला व्याह्यांनी वाकून नमस्कार केला. शिवाय फेटा बांधला. मी जिलेबी खाल्ली, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि घरी आलो. जुळवलेले वाक्य असे होते: भाऊ, ती भिंत मी पाडली आणि नाव तुमचे लिहिले, मला माफ करा.