आधी परत बसव

आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे आम्ही दोघंच. तो उमरेडहून एसटीनं येतो, मी इथल्याच प्रताप नगरातून स्कूटरनं, आणि तरी माझ्याआधी तोच खुर्चीत असतो. एरर आली की माझी बोटं आधी धावतात. तो हात मांडीवर ठेवून ती मोठ्यानं वाचतो, लग्नपत्रिका अगदी खालच्या चिल्लापिल्लांच्या नावांपर्यंत वाचावी तशी. मला ते सहन होत नाही.

परवा लिनक्सवर बसवलेलं एक जुनं पॅकेज, म्हणजे एक प्रोग्रॅम, काही केल्या निघेना. त्याचं फोल्डर मी हातानंच उडवून टाकलं होतं, पण सर्व्हरच्या लेखी ते होतंच, आणि काढायला गेलं की एरर. दुपारभर मी जबरदस्तीच्या सगळ्या कमांड देऊन पाहिल्या. मग तो आला. त्यानं सगळं वाचलं आणि हसला.

"काहून मारून राहिला गा त्याले? जाताना ते आपलीच फाईल शोधून राहिलं, अन् फोल्डरासंगं ते फाईल तूच उडवली. पयले परत बसव, मंग काढ."

जे काढायचं तेच आधी बसवायचं. हे मला का सुचू नये?

त्यानं बसवलं, काढायची कमांड दिली आणि ती पुरी व्हायच्या आत उठला.

"चाल, चहा घेऊ."

पडद्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "येतो," म्हणालो आणि मी बसूनच राहिलो. सर्व्हर माझा, काम माझं, आणि पुन्हा एरर यावी म्हणून मी डोळे लावून बसलो होतो.

आली नाही.