सात नावांचे फोल्डर

“मला फक्त नाव द्या, पुढचं मी बघतो,” एचआरचे मॅनेजर देसाई साहेब म्हणाले आणि केबिनचं दार लावून घेतलं.

कळंबोलीतली ट्रान्सपोर्ट कंपनी. तिथल्या कॉम्प्युटरची देखभाल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कंपनी सात जणांची नागपूरच्या डेपोत बदली करणार होती. ऑर्डर अजून निघाल्या नव्हत्या, पण खालच्या चहाच्या टपरीवर सातही नावं बिनचूक सांगितली जात होती. पत्रं तर सर्व्हरवर कुलूपबंद. म्हणजे आतलंच कोणीतरी फुटलं होतं.

“वैशालीच. पत्रं तिनेच टाईप केलीत. पुरावा द्या, शनिवारी तिला घरी पाठवतो,” साहेब म्हणाले.

वैशाली एचआरमधली असिस्टंट. मूळची जालन्याची. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी लहान. सगळं घर तिच्या नोकरीवर.

सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरला परमिशन लावता येते: कोणी उघडायचा, कोणी नाही. कोणी काय उघडलं याची नोंद लॉगमध्ये राहते. मी लॉग काढला. त्या सात फोल्डरमध्ये दोघंच गेले होते. देसाई साहेब आणि वैशाली. साहेब स्वतःची यादी कशाला फोडतील?

एकदा संशय डोक्यात शिरला की जे दिसेल ते पुरावाच वाटतं. मी मागून गेलो की वैशाली पटकन स्क्रीन बंद करायची. जिन्यात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायची. डबाही एकटीच खायची. मी कामधंदा सोडून पोलीसपाटील झालो होतो. गुरुवारी रिपोर्ट मेल केला: ‘दोघांशिवाय कोणालाही प्रवेश नाही.’ नाव न घेता नाव घेतलं.

शुक्रवारी डिस्पॅचच्या धुमाळांचा प्रिंटर अडकला. मी तो सोडवला तसे ते म्हणाले, “थांबा, रजेचा फॉर्म काढतो. टेस्टिंग पण होईल.” त्यांनी एचआरचा मोठा फोल्डर उघडला. रजेचा फॉर्म त्यातच असतो, सगळ्यांसाठी. फॉर्मच्या वर एकाखाली एक सात छोटे फोल्डर. ‘कदम नागपूर’, ‘शेख नागपूर’, ‘म्हात्रे नागपूर’...

“धुमाळ, हे तुम्हाला दिसतं?”

“सगळ्यांनाच दिसतंय की! उघडत नाय. पण नाव वाचायला उघडायला कशाला पायजे?”

मी त्यांच्या खुर्चीत बसून सातही नावं वाचली.

परमिशन वेगळी आणि दिसणं वेगळं. फ्लॅटला कुलूप असलं तरी दारावरची पाटी जिन्यातून कोणीही वाचतो, तसं. ज्याला परवानगी नाही त्याला फोल्डर दिसूच नये, अशी एक सेटिंग असते. ती मीच बंद केली होती. ‘माझा फोल्डर गायब झाला’ म्हणून लोक उठसूट फोन करायचे, त्याला कंटाळून. आणि नुसतं नाव वाचलं तर आमच्या लॉगमध्ये काहीच येत नव्हतं.

मग फोल्डर बनवले कोणी, ते तपासलं. सातही देसाई साहेबांनी.

तडक केबिनमध्ये शिरलो. वैशाली समोर उभी, साहेबांच्या हातात माझा रिपोर्ट. मी तिच्यासमोरच सांगितलं, आधी माझी चूक.

“पण पत्रं तिनेच टाईप केली ना?” साहेब म्हणाले.

“साहेब, फोल्डरना नावं तुम्ही दिलीत.”

साहेबांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. “बरं. ती सेटिंग चालू करा. वैशाली, तू जा कामाला.” एवढंच.

सेटिंग चालू केली. तासाभरात टपरीवर नवी बातमी: फोल्डर गायब केले, म्हणजे यादी वाढली!

संध्याकाळी वैशालीने मला लिफ्टपाशी गाठलं.

“सर, तुमी मागे येऊन उभे राहायचात म्हणून मी स्क्रीन बंद करायचे. ती पत्रं कुणाला दिसू द्यायची नाहीत, असं साहेबांनीच सांगितलं होतं. आणि फोन पाळणाघराचा असायचा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हटलं.

“चार दिवस माझ्यावर नजर ठेवलीत. एकदा मला विचारायचं तरी.”

लिफ्ट आली. ती जिन्याने गेली.

लॉग खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो. मी विचारलं होतं, कोणी उघडलं. कोणाला काय दिसतं, हे विचारलंच नव्हतं. आता रिपोर्ट लिहिण्याआधी मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्याच्या लॉगिनने एकदा बघून घेतो. आणि ज्याचं नाव लिहायचं, त्याला आधी विचारतो.