गुलाबी कड

माझे बाबा गुलाबी होते. थट्टा नाही करत. रोह्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीत ते पॅकिंगला होते. अगरबत्तीच्या काड्यांना, पतंगाच्या कागदाला लागतो तो भडक गुलाबी रंग त्यांच्या प्लँटमध्ये दळून पिंपात भरायचे. भुकटी इतकी बारीक की तोंडाचं फडकं, हातमोजे, गमबूट, कशालाच जुमानायची नाही. शिफ्ट सुटली की आमच्या वरसे गावच्या रस्त्याने सायकलवरून येणारा हा माणूस लांबूनच ओळखू यायचा. कान गुलाबी, नखं गुलाबी आणि तळपाय तर विचारूच नका. सुट्टीच्या दिवशीही घाम आला की उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचा. आई म्हणायची, "ह्यांच्या हाडात शिरलाय रंग."

घरात पाऊल टाकायच्या आधी बाबा मागच्या मोरीवर बसायचे आणि टाचा घासायच्या वजरीने खसाखसा पाय घासायचे. पाणी निवळ येईपर्यंत घासायचं, हा आमच्या घरचा कायदा. कायदा केला आईने, पण कारण मी. मी तान्ही असताना त्यांनी कामावरून आल्या आल्या मला उचललं आणि माझ्या पांढऱ्या झबल्यावर पाचही बोटं उमटली. आईने त्यांचा असा काही उद्धार केला म्हणे, की तेव्हापासून घासल्याशिवाय त्यांनी मला हात लावला नाही. पुढे शाळेत असताना स्टेशनचा रस्ता ओलांडताना ते माझा हात धरायचे. पलीकडे पोचलो की माझा पंजा उलटा करून बघायचे आणि विचारायचे, "लागला काय गो?" रंग लागलेला असला तर स्वतःच्या शर्टाला पुसायचे.

आता अशा घरातल्या पोरीने रंगापासून चार हात लांब राहावं की नाही? पण नाही. मी शिकले जीवशास्त्र, लग्न होऊन पेणला आले, आणि पनवेलच्या पुढे एका प्रयोगशाळेत कामाला लागले. कसलं काम? तर पेशींना रंग लावायचा. आई अजूनही हे ऐकून कपाळाला हात लावते.

माझं काम पेशीच्या सांगाड्याचं. पेशी म्हणजे पाण्याची पिशवी असं आपण शाळेत चित्र काढतो ना, तसं काही नसतं. आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. पेणला गणपतीच्या हातात आतून काथ्या घालतात, नाहीतर हात गळून पडेल; तसेच हे धागे पेशीला ताठ ठेवतात. फरक एवढाच, की मूर्तीतला काथ्या उठून चालायला लागत नाही. हे धागे चालतात. एका टोकाला लांबतात, दुसऱ्या टोकाला सुटतात आणि अख्खी पेशी पुढे सरकते. धागे साध्या नजरेला दिसत नाहीत, म्हणून त्यांना चमकणारा रंग लावायचा. त्याचीही गंमत आहे. एका विषारी अळंबीतलं विष असतं, ते नेमकं अ‍ॅक्टिनच्या धाग्यांनाच जाऊन चिकटतं. त्या विषाला रंग जोडायचा. पेशी आहेत तशा थिजवायच्या, त्यांच्यावर तो सोडायचा, जास्तीचा हलकेच धुवून टाकायचा आणि पेशी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या.

पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा काळाकुट्ट अंधार दिसला. मग मी भिंगाचा स्क्रू केसभर फिरवला आणि अंधारात रेषा पेटल्या. अगं आई गं! एकेका पेशीत शेकडो धागे, ताणून बांधलेले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे जुडगे, कुठे जाळी, आणि टोकाला इतकी बारीक बोटं बाहेर आलेली, की श्वास सोडला तर मोडतील असं वाटावं. हे माझ्या आत आहे? भाजी चिरताना, बसमध्ये डुलकी काढताना, सासूबाईंशी हुज्जत घालताना हे सगळं आत चालू असतं? मला रडूच आलं, आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर पाणी पडलं म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ओरडल्या.

त्या रंगाचं नाव रोडामिन. संध्याकाळी मी बाबांना फोनवर सांगितलं, तर पलीकडून हसण्याचा धबधबा. "रोडामिन? अगो, जल्मभर त्येच भरला मी पिंपात! आणि तू किती वापरतेस?"

"थेंबाचाही थेंब, बाबा."

"मग पगार कसा देतात तुला?"

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना शुगर असल्याचं कळलं. दोन-तीन वर्षांत पावलांची जाणीव गेली. आणि गेल्या दिवाळीनंतर उजव्या अंगठ्याखाली, तळव्याला, एक जखम झाली. शेतात वालाच्या पेरणीला अनवाणी गेले होते, काहीतरी रुतलं असणार. त्यांना कळलंच नाही. पेणच्या डॉक्टरांकडे मीच न्यायला लागले. औषधं झाली, मलम झालं, शुगरही आटोक्यात आली. जखम स्वच्छ होती, पू नाही, वास नाही. पण भरेना म्हणजे भरेना. डॉक्टर दर वेळी पट्टी सोडून बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. शेवटी म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघू. जखमेची कड पुढे सरकली नाही तर अंगठा काढावा लागेल. हाडापर्यंत गेलं तर मग पाऊलही राहणार नाही."

बाहेर आल्यावर बाबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अंगठा नाय तर बांधावरनं चालायचा कसा?" आमच्याकडे ओल्या बांधावरून चालताना माणूस पायाच्या अंगठ्याने चिखल धरतो. मी म्हटलं, "काढू देणारच नाही."

त्याच दिवसांत प्रयोगशाळेत माझं काम नेमकं जखमेचंच होतं. काचेवर पेशींचा सलग थर वाढवायचा, त्यात टोकदार नळीने एक खाच मारायची आणि बघायचं, दोन्ही काठांच्या पेशी ती खाच कशी भरून काढतात. खाच मारली की मेलेल्या पेशींचा कचरा तरंगतो. तो एकदाच, हलक्या हाताने धुवायचा असतो. मी धुतला. मग वाटलं, अजून गढूळ आहे, म्हणून पुन्हा धुतला. दुपारी धुतला, घरी जाताना आणखी एकदा धुतला. पाणी निवळ यायला हवं ना! दुसऱ्या दिवशी बघते तर खाच होती तेवढीच. रंग लावून पाहिलं, तर कडेच्या पेशी फाटक्या, बोटं नाहीत, जाळी नाही, काही नाही.

मॅडमनी एक नजर टाकली. "कडेला किती छळलंस गं! आधी पुढे येतात त्या ह्याच पेशी. सगळं काम तिथंच चाललेलं असतं. दर वेळी तू त्यांनाच धुवून काढलंस, मग मागच्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची." मी नवी काच घेतली, एकदाच धुतली, आणि हात पाठीमागे बांधून बसले.

या वेळी जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कडेच्या पेशींनी रिकाम्या जागेकडे पंखे पसरले होते. धाग्यांचे पंखे, झिरझिरीत, पुढून उजळलेले. एकही पेशी मागे तोंड करून नव्हती. मागच्या पुढच्यांना चिकटून, ताणल्या गेलेल्या, त्यांच्या पाठोपाठ. कुणी हाक मारली नव्हती, कुणी वाट दाखवली नव्हती. मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. केलाही, कोण बघत होतं!

त्या शनिवारी मी पेणहून रोह्याच्या एसटीत बसले आणि वरसेला गेले. आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मागून खसाखसा आवाज येत होता. तो आवाज आमच्या घरात इतका जुना, की तो होतोय हे आईला जाणवतही नसे. मी मोरीपाशी गेले. बाबा पाटावर बसले होते, पट्टी सोडून बाजूला ठेवलेली, उजवा पाय डाव्या मांडीवर, आणि ते वजरीने जखमेची कड घासत होते.

जखमेच्या भोवती भाताच्या तुसाएवढी रुंद, ओलसर, कोवळी, गुलाबी कड होती. अर्धी निघून गेली होती. त्यांना दुखत नव्हतं. पायाला कळतच नव्हतं काही.

"बाबा! काय करताय हे?"

"वरडतेस कशाला? रंग काडतोय."

"कसला रंग?"

"आतला गो. इतकी वर्सं आत होता, आता वाट मिळाली तर भायेर येतोय. रोज काडतो, रोज येतो. सगळा निगाला की भरंल जखम."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी वजरी हिसकावून परसात भिरकावली. ओरडले, रडले, नाही नाही ते बोलले. "तो रंग नाही, कातडी आहे तुमची! नवी कातडी!" बाबा शांतपणे पाय पुसत म्हणाले, "माझा रंग मी वळखत नाय? तू काल आलीस रंगात." आई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून.

सोमवारी बाबांना घेऊन गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. तेही बाबांवर उखडले. बाबांनी "व्हय, व्हय" करून मान डोलावली. ती मान मी जन्मापासून ओळखते. ती डोलली म्हणजे माणूस घरी जाऊन आपलंच खरं करणार. संक्रांत तोंडावर आली होती. मी मॅडमना फोन लावला, दवाखान्याच्या दारातूनच गाडी ठरवली आणि बाबांना घेऊन थेट प्रयोगशाळेत गेले.

अंधाऱ्या खोलीत त्यांना स्टुलावर बसवलं, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, "इथे डोळा लावा." ते वाकले. मग हळूच म्हणाले, "ह्यो आपलाच हाय. पातळ केला की उन्हात असाच पेटतो. पिंप धुताना बघायचो मी. कुणाला सांगणार, रंग पेटतो म्हणून? येडा म्हणाले असते." ते आणखी वाकले. "पर ह्या रेघा कुणी काडल्या?"

"कुणी नाही. त्या पेशीत असतातच. रंगाने फक्त दाखवल्या."

"माझ्यात पण हायत?"

"तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत."

मी काच सरकवून कड त्यांच्यासमोर आणली. सांगितलं, मधला काळा पट्टा म्हणजे जखम. ते कितीतरी वेळ बघत राहिले. "हे पंखे कुठं चाललेत?"

"समोर. रिकामी जागा भरायला."

"कुणी सांगितला त्यांना?"

"कुणीच नाही, बाबा."

त्यांनी डोळा न काढताच विचारलं, "आणि ही कड कुणी घासून काडली तर?"

मी दुसरी काच लावली. माझी, धुऊन धुऊन वाट लावलेली. त्यांनी पाहिलं. फाटक्या पेशी, सुनी कड. मी म्हटलं, "ही मी घासली. पाणी निवळ येईपर्यंत." त्या अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांचा हात चाचपडत आपल्या पट्टी बांधलेल्या पायावर गेला आणि तिथेच राहिला. "बिचारी," ते म्हणाले. "रोज येत व्हती. आणि मी रोज..."

त्या दिवसापासून त्यांनी पायाला राजासारखं वागवलं. मोरीवर जायचं तर पायाला पिशवी बांधून. पट्टी बदलायला रोज सरकारी दवाखान्यातली नर्स यायची, तिलाही दरडावायचे, "कडेला हात नाय लावायचा हां, तिथं काम चाललाय!" आई वैतागून म्हणायची, "माझ्यावर एवढा जीव लावला असता तर." संक्रांतीला डॉक्टरांनी पट्टी सोडली, मोजपट्टी लावली, पुन्हा लावली आणि म्हणाले, "सरकलीय." अंगठा राहिला. भरायला मात्र पार शिमगा उजाडला.

शिमग्याला मी वरसेला गेले तेव्हा बाबा ओट्यावर पाय पसरून बसले होते, पट्टीशिवाय. अंगठ्याखाली रुपयाएवढी जागा, गुळगुळीत, चकाकणारी, गुलाबी. मी शेजारी बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि बोट त्या जागेवरून हलकेच फिरवलं. किती मऊ होती! तिच्या खाली काय काय ताणून बांधलेलं असेल ते मला ठाऊक होतं, तरी विश्वास बसत नव्हता.

बाबांनी माझा हात धरला, पंजा उलटा केला आणि उजेडाकडे नेऊन एकेक बोट नीट पाहिलं.

"नाय लागला," ते म्हणाले.