खालच्या ड्रॉवरातली आढी

ऑफिसातले किस्से म्हणजे माळ्यावरच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या. दरवर्षी दोन-चार वाढतात, कोणी ठेवल्या ते आठवत नाही, टाकवत तर नाहीतच, आणि एक ओढली की सगळ्या अंगावर येतात. आज मी एकच ओढणार होतो. बाकीच्या आल्या तर माझा इलाज नाही.

आमचं ऑफिस रत्नागिरीत नेमकं कुठलं, ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे! एवढंच सांगतो की ते मच्छी मार्केटच्या वरच्या अंगाला होतं, आणि तिथे निर्णय घेण्याची एक स्वतंत्र पद्धत होती.

* * *

पद्धत आमच्या हेडक्लार्कची. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पालीच्या बाजूला त्यांची हापूसची चाळीस कलमं होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाकडे ते आंबा म्हणूनच बघत.

आंबा उतरवला की लगेच खात नाहीत. भाताच्या पेंढ्यात आढी घालतात आणि पिकेपर्यंत थांबतात. अण्णांनी स्टीलच्या कपाटाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर याच कामाला दिला होता. अवघड कागद आला की ते तो हातात घेत, लांब धरून बघत आणि म्हणत, "अजून दडस आहे, पिकायचाय. जाऊ दे आढीत!"

एकदा वरून पत्र आलं की मागची भिंत कलली आहे, पाडावी की टेकू द्यावा ते आठ दिवसांत कळवा. पत्र आढीत गेलं. चार महिन्यांनी भिंत आपणहून पडली.

अण्णांनी पत्र बाहेर काढून त्यावर शेरा मारला, 'प्रश्न उरला नाही.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ मुळ्ये. टेकू दिला असता तर फुकट गेला असता की नाही?"

आम्ही हसायचो. पण हळूहळू सगळेच त्या ड्रॉवरात आपापले कागद ठेवायला लागलो. मुलीचं स्थळ, जमिनीची वाटणी, मुलाची कॉलेजची साइड! माझाही एक कागद त्यात गेला. त्याच्याकडेच यायचं आहे, पण तुम्हाला माझी सवय माहीत आहे. सरळ कुठे पोचायचं म्हणजे मला जड जातं.

* * *

मधेच देशावरचे एक साहेब बदलून आले. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये. पहिल्याच मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणाले, "मला इथे फास्ट डिसिजन पाहिजेत! माझा पहिला डिसिजन, या पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बंद का? उघडा!"

अण्णा म्हणाले, "साहेब, आठ दिवस जरा..."

"आठ मिनिटंसुद्धा नाही!"

रीतसर लेखी आदेश निघाला. खाली साहेबांची सही. आणि बरोबर दोन वाजता समुद्रावरून जो वारा आत आला, त्याने आम्हा सगळ्यांची टेबलं साफ केली. कागद पूर्वेच्या दारातून बाहेर पडले आणि उतारावरून मार्केटात गेले. साहेबांसकट सगळं ऑफिस मागे धावलं.

संध्याकाळी आमच्या जीपचा ड्रायव्हर युसुफ सोलकर केबिनमध्ये आला. हा पूर्णगडचा. जीप कायम गॅरेजमध्ये, त्यामुळे युसुफ कायम ऑफिसात. त्याने हातातली पुडी अदबीने साहेबांसमोर ठेवली.

"साहेब, तुमचा आदेश सापडला. कोळणीकडे होता."

"मग त्यात हे काय आहे?"

"दोन बांगडे हायत. तिने अंमलबजावणी सुरू केलीन."

* * *

पण निर्णय कसा घ्यावा हे मी कोणाकडून शिकायला हवं होतं, तर ते याच युसुफकडून.

त्याच्या मेहुण्याचं मस्कतहून पत्र आलं. ड्रायव्हरची नोकरी आहे, पंधरा दिवसांत कळव. युसुफने ते सगळ्यांना वाचायला दिलं. ज्या ऑफिसला चहा अकरा वाजता घ्यावा की सव्वाअकरा हे दहा वर्षांत ठरवता आलं नव्हतं, त्या ऑफिसने युसुफच्या आयुष्यावर तीन तास चर्चा केली! अखेर अण्णांनी पत्र घेतलं आणि आढीत टाकलं.

तासाभराने युसुफ परत आला. वाकून ड्रॉवर उघडला, पत्र काढून खिशात घातलं.

"अरे, काय घाई आहे तुला?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुमचा आंब्याचा धंदा, माझ्या बापाचा मासळीचा. मासळी कोणी आढीत घालीत नाय. आज काय ता आज!"

महिनाभरात तो गेला. निघताना माझ्या टेबलाशी थांबला. पलीकडच्या टेबलाकडे नजर टाकून हळूच म्हणाला, "मुळ्येभाऊ, तुमचा आंबा हाय की मासळी, ता एकदा ठरवा."

* * *

पलीकडच्या टेबलावर शिर्केबाई होत्या. सुलभा शिर्के, मूळच्या दाभोळच्या. कागदोपत्री आम्ही दोघेही लिपिक-टंकलेखक. प्रत्यक्षात मी लिपिक, त्या टंकलेखक. वडील लवकर गेले, दोन भावांना मार्गी लावण्यात त्यांचं लग्न राहून गेलं. माझं का राहिलं ते विचारू नका. कोणाला मार्गी लावायचं नव्हतं, तरी राहिलं.

बाई कच्चा मसुदा करत नसत. सरळ मशीनला कागद लावत आणि एकही खाडाखोड न होता पत्र बाहेर येई. मी एकदा विचारलं, "बाई, तुमची चूक होतच नाही?"

"होते की. पण मी ती टाइप करायच्या आधी करते."

मी त्यांना वाचायला पुस्तकं देत असे. तीन दिवसांत परत येत, बरोबर एका ओळीचा निकाल. मला फार आवडलेल्या एका जाड कादंबरीचाही त्यांनी असाच निकाल लावला. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "चांगली आहे. शेवटाला लेखक घाबरला."

दुपारचा डबा आम्ही सगळे एकत्र खात होतो. माझ्या डब्यात कुळथाचं पिठलं असलं की त्या आपला डबा माझ्याकडे सरकवत आणि माझा घेत. विचारत नसत. नऊ वर्षं.

* * *

आणि मग एका सोमवारी दोघांच्या पदोन्नतीचे आदेश एकाच पाकिटातून आले. दोघांनाही ठाणं. सात दिवसांत लेखी होकार द्यायचा, नाहीतर नकार समजण्यात येईल.

कोकणातला कारकून बढती नाकारतो. त्यात नवल नाही. घर, विहीर, चार माड सोडून कोण जातो! मीही आधी दोनदा नाकारली होती. त्या दिवशी दुपारी डबा उघडताना बाई म्हणाल्या, "ठाण्याला जागेचे फार हाल आहेत म्हणे."

"असं ऐकतो खरं."

"दोन माणसांनी दोन जागा शोधत बसायचं म्हणजे वेडेपणाच."

अण्णांचा घास हातात राहिला. पंखासुद्धा थांबला असं मी सांगणार होतो, पण तो आधीच बंद होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

आणि आदेश आढीत घातला.

घरी मी एकटाच. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. फुलस्केप कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'जावे', उजवीकडे 'जाऊ नये'. उजवीकडे एकोणीस मुद्दे झाले. विहिरीचं पाणी, वाचनालय, संध्याकाळी मांडवीचं बंदर, ठाण्याचे डास. डावीकडे दोन, पगार आणि हुद्दा. शिर्केबाईंना कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना. शेवटी नाव लिहिलं, तर ते बरोबर रेघेवर आलं.

बाराव्या दिवशी सकाळी विहिरीवर पाणी काढताना मला एकाएकी कळलं की एकोणीसच्या एकोणीस मुद्दे खोटे आहेत. पोहरा तसाच टाकून मी ऑफिसला गेलो, ड्रॉवर उघडला, आदेशावर 'मान्य' लिहिलं आणि धापा टाकत साहेबांसमोर धरला.

साहेब प्रसन्न हसले. "अहो मुळ्ये, टेन्शन घेऊ नका! मुदत संपली तेव्हाच मी तुमचा नकार पाठवून दिला. म्हटलं, हा माणूस स्वतः काही ठरवणार नाही. फास्ट डिसिजन!"

बाईंनी त्यांचा होकार पहिल्याच दिवशी दिला होता. खाडाखोड न करता.

* * *

त्यांना पोचवायला मी स्टँडवर गेलो होतो. एक ट्रंक, एक वळकटी. गाडीला वेळ होता. मी म्हटलं, "बाई, मी हो म्हणणार होतो."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "हो म्हणाल हे माहीत होतं. कधी, ते माहीत नव्हतं."

गाडी लागली. खिडकीतून त्यांनी माझा डबा परत दिला. आदल्या दिवशी त्यांच्याकडे राहिला होता. घासून लख्ख केलेला. त्यानंतर कुळीथ बरेच दिवस घरात आणला नाही.

* * *

पुढे अण्णा रिटायर झाले. निरोप समारंभ आटोपल्यावर त्यांनी मला खालचा ड्रॉवर रिकामा करायला बसवलं. कागद काढता काढता म्हणाले, "मुळ्ये, तुला एक सांगायचं होतं. आढी घालून नुसतं बसायचं नसतं रे. रोज हात घालून फळ चाचपावं लागतं. तयार झालं की त्याच दिवशी काढायचं. तू नुसता घालून बसलास!"

"अण्णा, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

अण्णांनी रिकामा ड्रॉवर आत ढकलला.

"विचार करत होतो," ते म्हणाले. "सांगावं की नको."

* * *

मीही रिटायर झालो. दर मे महिन्यात अण्णांच्या कलमांची पाच डझनी पेटी मी ठाण्याला पाठवतो. पेंढ्यात घालून, जरा कच्चीच, पोचेपर्यंत पिकेल अशी. पोच म्हणून पोस्टकार्ड येतं. एक ओळ, टाइप केलेली. 'पेटी मिळाली. दोन नासके. आभारी आहे.' सगळी कार्डं मी जपून ठेवली आहेत. कुठे, ते विचारू नका. ऑफिसातलं जुनं कपाट लिलावात निघालं तेव्हा मीच घेतलं.

या वर्षीचं कार्ड परवा आलं. पहिल्यांदाच हाताने लिहिलेलं.

'पेटी मिळाली. एकोणसाठ फळं उत्तम निघाली. एक अजून हिरवं आहे. टाकलेलं नाही. रोज चाचपून बघते. मीही मार्चअखेर रिटायर झाले. दोन खोल्या एकटीला मोठ्या होतात.'

कार्ड वाचलं. खालच्या ड्रॉवरकडे हात गेला, खोटं कशाला बोलू! पण तसाच मागे घेतला, चपला घातल्या आणि सरळ स्टँडवर गेलो.

रिझर्वेशनच्या खिडकीशी ही रांग! पाऊण तासाने नंबर लागला.

"कुठे?" आतल्या माणसाने विचारलं.

"ठाणे. एक."

त्याने नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि पेन थांबवून वर बघितलं. "जायचं-यायचं काढू, का नुसतं जायचं?"

मी तोंड उघडलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, काय ते ठरवा लवकर! लोक खोळंबलेत!"