माणशी एक हंडा

८ मे १९६८. सकाळपासून तांब्याचे हंडे चिंचेनं घासत बसले आहे. नदी आटली, उद्यापासून झिऱ्यावर जायचं. हंडा हातात आला की आबा आठवतात. वाळूत काठी रोवायची, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं, "तोंडं किती?"

शिरूरजवळच्या आमच्या वाडीत उन्हाळ्यात घोडनदीच्या वाळूत खड्डा खणतात. त्याला झिरा म्हणायचं. पाझरेल तेवढंच पाणी. या झिऱ्यावर आबांची सत्ता. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण हटवायची हिंमतही कुणात नव्हती. वरच्या अंगाला कुणी म्हैस धुताना दिसलं, की म्हैस आणि मालक दोघांनाही पळवून लावायचे. वाटप ठरलेलं, माणशी एक हंडा.

तुम्ही असता तर रोज तमाशा बघायला आला असता. एकीनं दौंडच्या बहिणीची पोरं आणून रांगेत उभी केली. आबांनी लाडानं विचारलं, "आपली म्हस कुठं बांधत्यात रं?" पोरं म्हणाली, "आमच्याकडं रेल्वे हाय." दुसरीनं पोटावर हात ठेवून आतल्या जिवाचा हंडा मागितला. आबांनी बराच विचार करून अर्धी कळशी मंजूर केली.

मी वाडीची नर्स. कुटुंब नियोजनाचा तक्ता भिंतीला लावून मी बायका गोळा केल्या. पाणी तेवढंच, जमीन तेवढीच, खाणारे वाढताहेत, असं समजावलं. आबांची धाकटी सून मागून म्हणाली, "पाळणा थांबवला तर कमी पडलेला हंडा तुम्ही देणार का, बाई?" बायका हसत उठून गेल्या. सगळी सभा एका हंड्यात बुडाली.

मी तडक नदीवर गेले आणि आबांना म्हटलं, तुमच्या नियमानं माझं काम अडलं.

"पोरांचा काय गुन्हा? त्यास्नी तहान लागत न्हाई व्हय?" आबा म्हणाले. "आन् तोंडासंगं दोन हात बी येत्यात की."

"हात कामाला यायला वेळ लागतो, आबा. तहान पहिल्या दिवसापासून लागते."

आबा झिऱ्यात बघत बसले. तळाशी पाणी हळूहळू जमत होतं. मग म्हणाले, "ह्यो मातुर तोंडं बघून पाझरत न्हाई, व्हय ना?"

दुसऱ्या दिवशी नवा नियम आला. घराला तीन हंडे, सगळी घरं झाल्यावर उरलं तर दुसरी फेरी. वाडीत सर्वांत मोठं घर आबांचंच, त्यामुळे पहिली बोंब तिथूनच उठली. धाकटी सून दोन दिवस सासऱ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मात्र ती दवाखान्यात आली आणि तक्त्याकडे पाठ करून म्हणाली, "सांगा, काय करायचं असतं ते."

मी एकटी. मला तीन हंडे काय करायचे? दोन आबांकडे पोचवायचे, तर ते काठी आपटून परत पाठवायचे. "रांगेतनं घ्यायचं," म्हणायचे. विचारायची सवय मात्र सुटली नाही. माझं एकच तोंड, तरी रोज विचारायचे, "तोंडं किती?"

गेल्या थंडीत आबा गेले.

९ मे. सकाळी झिऱ्यावर गेले. आबा बसायचे त्या दगडावर धाकटी सून काठी घेऊन बसली होती. तिनं माझे तीन हंडे भरू दिले. त्यातले दोन मी तिच्या दारात नेऊन ठेवले. ती धावत मागून आली.

"बाई, आबा असते तर परत पाठवले असते."

"म्हणूनच आज आणले," मी म्हटलं आणि दवाखाना उघडायला गेले.